भाड्याचे घर शोधणारे अ‍ॅप: पुण्यातील आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी बदली सेनापती बापट रस्त्यावरील कार्यालयात झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगलीत बसून पुण्यातील घर शोधण्याची वेळ आली. घरात पत्नी, इयत्ता तिसरीतील मुलगी आणि गुडघेदुखीमुळे जिने चढू न शकणारी आई. पुण्यात जवळचे नातेवाईक नाहीत, त्यामुळे ओळखीतून घर मिळण्याची शक्यता कमीच होती. ‘एजंटशिवाय थेट घरमालकाशी संपर्क’ असे सांगणारे एक अ‍ॅप फोनवर घेतले, त्याची सशुल्क योजनाही घेतली आणि जानेवारीअखेर त्याच अ‍ॅपवरून सापडलेल्या घरात फेब्रुवारीपासून आम्ही राहत आहोत. घर मिळाल्यावरही भाड्याच्या पावत्यांसाठी अ‍ॅप वापरत राहिलो. अ‍ॅपचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मी तुलनेसाठी वापरून पाहिलेल्या इतर दोन अ‍ॅपांमध्येही थोड्याफार फरकाने आढळल्या.

आधी उपयोगाचे बोलतो. दुसऱ्या शहरात बसलेल्या माणसाला भाड्याचा अंदाज येणे ही सर्वांत अवघड गोष्ट असते आणि ती या अ‍ॅपमुळे फार सोपी झाली. दोन आठवडे रोज अर्धा तास जाहिराती वाचल्यावर कोथरूड, कर्वेनगर, बावधन आणि सिंहगड रस्ता या भागांत टू बीएचकेचे भाडे कोठून कोठपर्यंत जाते, डिपॉझिट साधारण किती महिन्यांचे मागतात, मेंटेनन्स भाड्यात धरतात की वेगळे, हे सर्व स्पष्ट झाले. लिफ्ट असलेल्याच इमारती दाखवण्याची सोय आईच्या दृष्टीने अत्यंत मोलाची ठरली. छायाचित्रांमुळे स्वयंपाकघराचा ओटा, गॅलरी, खिडक्यांची दिशा यांची कल्पना येते आणि सांगलीहून शनिवारी पहाटे निघून दिवसभरात चार घरे पाहायची असतील, तर कोणती चार, हे आधी ठरवता येते.

मात्र जाहिरात जिवंत आहे की नाही, हे अ‍ॅप सांगत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा मुख्य दोष आहे. मी प्रत्येक फोनची नोंद वहीत ठेवली होती. तीन महिन्यांत ४६ जाहिरातींवर संपर्क केला. त्यांपैकी १९ घरे आधीच भाड्याने गेलेली होती आणि १२ ठिकाणी ‘घरमालक’ म्हणून फोन उचलणारी व्यक्ती प्रत्यक्षात एजंट निघाली, जिने एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागितले. उरलेल्या १५ पैकी ११ घरे आम्ही पाहिली. जाहिरातीवर ‘आजच अद्ययावत’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ घरमालकाने आज काही सांगितले असा नसतो. कोणीतरी फोनवर एक बटण दाबले, एवढाच असतो. सशुल्क योजनेत ठरावीक संख्येनेच संपर्क क्रमांक पाहता येतात आणि गेलेल्या घराचा क्रमांक पाहिला तरी तो त्या संख्येतून वजा होतो. म्हणजे अ‍ॅपच्या हलगर्जीपणाची किंमत भाडेकरू मोजतो. तक्रार केल्यावर मला सहा संपर्क परत मिळाले, पण त्यासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे लिहावे लागले.

दुसरा मोठा प्रश्न अंतराचा आहे. ‘कार्यालयापासून पाच किलोमीटरच्या आत’ अशी अट घातली की अ‍ॅप नकाशावर सरळ रेषेत अंतर मोजते, आणि पुण्यासारख्या टेकड्यांच्या व नद्यांच्या शहरात सरळ रेषेला अर्थ नसतो. वनाझ परिसरातील एक घर मला सेनापती बापट रस्त्यापासून चार किलोमीटरच्या आत दिसत होते. मध्ये वेताळ टेकडी आहे. प्रत्यक्ष जायचे तर पौड रस्त्याने नळ स्टॉपपर्यंत यावे लागते आणि तेथून विधी महाविद्यालय रस्ता धरावा लागतो. अंतर सहा किलोमीटरच्या पुढे जाते आणि संध्याकाळच्या वाहतुकीत लागणारा वेळ तर त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. एका जाहिरातीत बालभारती ते पौड फाटा हा त्या वेळी अस्तित्वात नसलेला नियोजित रस्ता गृहीत धरून ‘दहा मिनिटांत कार्यालय’ असे लिहिलेले होते. कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता यांच्यामध्ये मुठा नदी आहे. समोरच्या काठावरची शाळा नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते, पण राजाराम पुलाचा वळसा घेतल्याशिवाय तेथे पोहोचता येत नाही. मुलीला रिक्षाने शाळेत पाठवायचे असेल, तर हा वळसा रोजचा असतो. याउलट, ज्या माहितीचा खरा उपयोग झाला असता ती अ‍ॅपमध्ये कोठेच नव्हती. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा टप्पा सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यातील रहिवाशांचे येणे-जाणे बदलले आहे; तरीही स्थानकापासून पायी किती वेळ लागतो, या आधारावर घरे निवडण्याची सोय मी वापरलेल्या आवृत्तीत नव्हती. शेवटी मी प्रत्येक घराचा पत्ता वेगळ्या नकाशात टाकून, सकाळी साडेनऊची वेळ देऊन अंतर तपासू लागलो. घर शोधणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असा माझा आग्रह आहे.

पाण्याविषयी तर अ‍ॅपवर अजिबात विसंबू नये. ‘२४ तास पाणी’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक घरापुढे खूण असते. त्या खुणेत महानगरपालिकेचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी यांत भेद केलेला नसतो आणि टँकरचा खर्च कोण देणार, हेही कळत नाही. हे आम्हाला आईमुळे उमगले. घर पाहायला गेल्यावर आम्ही खोल्या पाहत असताना ती खाली वॉचमनदादांशी आणि भाजी घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलत बसे, आणि वर आल्यावर ‘मार्चनंतर टँकर येतात, मेंटेनन्स वाढतो’ असे शांतपणे सांगे. तिच्या या चौकशीमुळे आम्ही दोन घरे सोडली. लिफ्टच्या बाबतीतही तिनेच विचारले, की वीज गेल्यावर लिफ्ट चालते का. एका सातव्या मजल्यावरच्या घरात ती चालत नव्हती.

क्षेत्रफळाचा आकडाही तपासून घ्यावा. नव्या प्रकल्पातील घर विकताना रेरा या गृहप्रकल्पविषयक कायद्यामुळे कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, सांगावेच लागते, पण भाड्याच्या जाहिरातीत कोण कोणता आकडा लिहील, याला धरबंध नाही. ‘९०० चौरस फूट’ म्हणून पाहिलेले एक घर आतून टेपने मोजल्यावर जेमतेम ६२० भरले.

फसवणुकीचा एक प्रयत्न आमच्यावरही झाला. बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भाड्याचे, सुंदर छायाचित्रांचे घर होते. समोरच्या गृहस्थाने आपण लष्करात असून बाहेर नेमणुकीवर आहोत, असे सांगितले, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले आणि घर पाहण्यापूर्वी परत मिळणाऱ्या ‘टोकन’साठी क्यूआर कोड धाडला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे पत्नीला माहीत असल्यामुळे ‘पिन टाका, पैसे परत येतील’ हे वाक्य ऐकताच तिने फोन ठेवला. अशा वेळी पैसे गेलेच, तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. आम्ही कळवल्यावर अ‍ॅपने ती जाहिरात दुसऱ्या दिवशी काढली, पण हा इशारा संपर्क क्रमांक दाखवण्यापूर्वी ठळकपणे द्यायला हवा, मदत विभागाच्या तळाशी नव्हे.

करारनाम्याबाबत मी विशेष गांभीर्याने लिहीत आहे. अ‍ॅपने आम्हाला ‘घरबसल्या भाडेकरार’ अशी दोन प्रकारची सेवा देऊ केली आणि त्यांतील स्वस्त प्रकार म्हणजे केवळ मुद्रांक कागदावर छापलेला, नोंदणी न केलेला करार होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न केल्यास शिक्षेची तरतूद आहे. इतर राज्यांतील पद्धत येथे तशीच विकणे चुकीचे आहे. आमचे घरमालक निवृत्त शिक्षक आहेत. ते स्वतःच म्हणाले, ‘काका म्हणता ना मला, मग कागद पक्का करू.’ महिना २४,००० रुपये भाडे, ७५,००० रुपये डिपॉझिट आणि ११ महिन्यांची मुदत धरता पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क ७०० रुपयांच्या आतच येत होते. त्यावर नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि दस्त हाताळणीचे थोडे शुल्क. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी झाली. एवढ्या खर्चासाठी नोंदणी टाळण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

घर मिळाल्यानंतरचा अनुभव मिश्र आहे. भाड्याच्या पावत्या नीट मिळतात आणि प्राप्तिकरासाठी त्या उपयोगी पडल्या. परंतु ‘घर मिळाले’ असे कळवल्यानंतरही सामान हलवणाऱ्यांचे, रंगकाम करणाऱ्यांचे आणि कर्ज देणाऱ्यांचे फोन एप्रिलपर्यंत येत राहिले. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी विनंती, नोंदवल्यावर ते कमी झाले. मराठी भाषा निवडता येते. मात्र शोधाच्या अटी मराठीत आणि पैसे भरण्याच्या अटी इंग्रजीत, अशी ती अर्धवट आहे. आईच्या पिढीतील घरमालकांना ज्या भागाची सर्वांत अधिक गरज आहे, तोच भाग त्यांना वाचता येत नाही.

आम्ही राहत असलेल्या घराची जाहिरात आम्ही आल्यानंतरही अ‍ॅपवर होती. काकांनी आणि मी मिळून तीनदा कळवल्यावर ती मार्चमध्ये निघाली. मे महिन्यात तीच छायाचित्रे, काकांचे जुने निळे पडदे दिसत असलेली, दुसऱ्या कोणाच्या क्रमांकासह पुन्हा आली. त्या रविवारी दुपारी एक जोडपे लहान बाळाला घेऊन दाराशी आले. ते सोलापूरहून घर पाहायला आले होते. आम्ही त्यांना आत बसवून पाणी दिले, माझी वही काढली आणि त्यातील चार घरमालकांचे क्रमांक त्या-त्या घरमालकांना विचारून त्यांना दिले. ती जाहिरात मी पुन्हा कळवली आहे.