टाकीत डोकावणारं यंत्र आणि ते बनवणाऱ्यांचे शेअर: एका पंपवालीचा रिव्ह्यू

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत तेल किती ते मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे टँक गेजला, साडेचार स्टार, सर्व्हिसला दोन, ते बनवणाऱ्यांच्या शेअरला साडेतीन. आमच्याकडचं यंत्र कुणाचं ते लिहीत नाही, कारण सर्व्हिसबद्दल जे लिहिणार आहे ते काही गोड नाही.

आमचा पंप कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपासून फार लांब नाही. सासऱ्यांच्या काळात सकाळी डिप रॉडला, म्हणजे मोजायच्या सळईला, पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावायची, रॉड टाकीत सोडायचा, ओली खूण बघायची आणि चार्टवरून लिटर काढायचे. आता प्रत्येक टाकीत प्रोब, म्हणजे गेजची मोजणारी दांडी, उभा आहे. त्यावर दोन फ्लोट, एक तेलावर आणि एक तळाच्या पाण्यावर, दोन्हींत चुंबक. प्रोबमधल्या तारेतून विजेचा ठोका जातो, चुंबकापाशी तारेत लहर उठून वर परत येते आणि त्या वेळेवरून उंची निघते. ऑफिसातल्या कन्सोलवर लिटर, पाणी, तापमान सगळं दिसतं. भर पावसात मॅनहोल उघडायला नको, हेच केवढं मोठं!

पण माझे स्टार आहेत ते तापमानाला. पेट्रोल अंशामागे साधारण ०.१२ टक्के फुगतं. १२ हजार लिटरच्या लोडमध्ये ५ अंशांचा फरक पडला की ७० लिटर इकडचे तिकडे. एप्रिलच्या दुपारी तापून आलेला टँकर थंड टाकीत खाली केला की तेल आकसणारच. पूर्वी त्यावरून ड्रायव्हरशी हमखास वाजायचं. 'वहिनी, मी वाटेत कुठं थांबलो पण न्हाई,' तो म्हणायचा आणि इकडे सासरे डिपचा आकडा सोडायचे नाहीत. आता कन्सोल सगळे लिटर १५ अंश तापमानावर आणून हिशेब दाखवतो. ड्रायव्हर स्लिप बघतो, चहा पितो, जातो. खरंच कमी भरलं तर तेही लपत नाही.

अर्धा स्टार कापला तो इथेनॉलमुळे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी शिरलं तर ते विरघळून जातं, खालच्या फ्लोटला पत्ताच नाही. जास्त झालं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि तो थर नुसत्या पाण्यापेक्षा हलका असल्याने साधा फ्लोट तिथेही फसू शकतो. त्यासाठी वेगळा फ्लोट मिळतो, आमच्याकडे अजून नाही. ऊस आपल्याच जिल्ह्याचा, आता बोलणार कुणाला? २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीपाशी हायवे बंद पडला, तेव्हापासून पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की मी टाक्या भरून घेते. २० हजार लिटरची रिकामी टाकी भूजलात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर २० टनांच्या घरात जातो.

आता सर्व्हिस. मागच्या पावसाळ्यात एक प्रोब बंद पडला. तक्रार नोंदवली, नंबर आला आणि मग नुसतं 'इंजिनिअर पुण्याहून निघालाय'. तो येईपर्यंत आम्ही परत डिप रॉडवर. राग बाजूला ठेवून विचार केला तर कारण उघड आहे. यंत्र आम्ही घेतलेलंच नाही, ऑइल कंपनीच्या ऑटोमेशनमधून आलंय. विकणाऱ्याचं गिऱ्हाईक मी नाही, टेंडर काढणारी कंपनी आहे.

शेअर बघताना मी हीच गोष्ट धरून बसले. भारतात टेंडर काढणाऱ्या सरकारी कंपन्या मुख्यतः तीन. त्यांच्याशी भाव करून विकणाऱ्याच्या हातात किती उरत असेल? अमेरिकेत गिऱ्हाईक पांगलेलं आहे आणि मागे कायदा आहे. तिथे १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला २२ डिसेंबर १९९८ ची मुदत मिळाली. गेजने करायच्या मासिक चाचणीत ताशी ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर गळती पकडता आली पाहिजे. महिन्याचे साडेपाचशे लिटर होतात हो! कायदाच मागे असल्यामुळे मंदी आली म्हणून कुणी प्रोब काढून ठेवत नाही. पण नियमात आलेल्या टाक्या तेव्हा २० लाखांवर होत्या, आज साडेपाच लाखांच्या आसपास. मुदत जवळ आली की ऑर्डरींची झुंबड, मग शुकशुकाट. म्हणून नवीन यंत्रं किती विकली हे मी बघत नाही, बसवलेल्या यंत्रांवर सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि सर्व्हिस यांतून किती येतं ते बघते.

नुसती टाकीची गेज बनवणारी मोठी लिस्टेड कंपनी मला सापडली नाही. वीडर-रूट हे या धंद्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, ते व्हॉन्टिअर या अमेरिकन कंपनीच्या पोटात आहे. व्हॉन्टिअर २०२० मध्ये फोर्टिव्ह या कंपनीतून वेगळी झाली, पण तिच्याकडे गॅरेजची हत्यारंसुद्धा आहेत. डोव्हर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडे ओपीडब्ल्यू आणि प्रोगेज हे टाकीच्या सामानाचे ब्रँड आहेत. साठहून अधिक वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवणारी कंपनी, पण पसारा एवढा की टाक्या त्यात दिसतही नाहीत. फ्रँकलिन इलेक्ट्रिकचा मोठा धंदा पाण्याच्या पंपांचा आणि बोअरच्या सबमर्सिबल मोटरींचा, इंधनाचा त्यामानाने लहान. मी थोडे फ्रँकलिन घेतले. उद्या गाड्या विजेवर गेल्या तरी बोअरचं पाणी कुणाला चुकलंय? व्हॉन्टिअर अजून नुसतं बघतेय, डोव्हर महाग वाटला.

घेण्याची प्रक्रिया मात्र कटकटीची. बँकेतून एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, डॉलर पाठवायचे, वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच वसूल केलेला कर), रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं. डिव्हिडंडवर अमेरिकेतच २५ टक्के कर कापतात, तो इथल्या करातून वजा करून घ्यायला वेगळा फॉर्म. माझा पहिला डिव्हिडंड एवढा होता की फॉर्म भरायची सीएची फी त्याहून जास्त झाली.