लाडकी बहीण की संजय गांधी निराधार?

पंचवटीतल्या एका विधवा मावशींचा प्रश्न: लाडकी बहीण चालू आहे, निराधारचाही अर्ज करू का? दोन्ही पदरात पडत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० मिळत असतील तर लाडकी बहीणला अपात्र.

रक्कम सारखीच, महिना १५००. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. गॅस सिलिंडर घेतला की निम्म्याहून जास्त उडाले. उरलेल्यात किराणा भागवा, खोलीभाडं तर सोडाच. फ्लेक्सवर काहीही छापलेलं असो, पुरत कुठलीच नाही.

खरा फरक अटींत. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. निराधारला विधवेसाठी मर्यादा २१,०००, म्हणजे महिन्याला १७५०! दोन घरी पोळ्या लाटणारी बाईसुद्धा त्यात बसायची नाही. शिवाय तहसीलच्या खेपा, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला. लाडकी बहीणला मुख्यतः ई-केवायसी.

वयाच्या ६५ नंतर दोन्ही संपतात. पुढे वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना, तीही २१,०००च्या आतच.

थोडंफार कमावणाऱ्या मावशींनी आहे ते चालू ठेवावं. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्न ५०,०००च्या आत, तर मात्र निराधारच घ्यावी: दिव्यांगांना २०२५पासून २५०० मिळतात.