उरलेले पैसे कोणाचे?

आमच्या घरी ओवाळणीचे पैसे कायम एकाच वाटेनं जायचे. तबकातून मुलीच्या हातात, तिच्या हातातून माझ्या कपाटात, आणि तिथून पुढं कुठं, ते देवाला ठाऊक. माझ्या आईनंही माझ्या पैशांचं हेच केलं होतं. गेल्या भाऊबीजेला मात्र माझ्या सोळा वर्षांच्या लेकीनं वहीचं मागचं पान उघडून पुढ्यात ठेवलं. सहा वर्षांच्या नोंदी, खाली बेरीज: ११,४०० रुपये. "आई, हे माझे ना?"

तिच्या हाती पैशाचा कारभार द्यायचा, हे तिथंच ठरलं. द्यायचा कसा, यात दोन महिने गेले. रोख रक्कम, तिच्या नावाचं बँक खातं, यूपीआय सर्कल आणि प्रीपेड कार्ड असे चार रस्ते होते. ज्यांची मुलं अकरावी-बारावीत आहेत, आमच्या इंदूरात भंवरकुव्याला क्लासला जातात आणि येताना छप्पन दुकानावर खात रेंगाळतात, त्यांना आज ना उद्या यातला एक निवडावाच लागतो. पोह्याच्या ठेल्यावरही क्यूआर कोड लटकतोय, तिथं "मोठी झालीस की बघू" किती दिवस म्हणणार?

प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारत गेले: महिनाअखेर उरलेले पैसे कोणाचे?

यूपीआय सर्कल आम्ही आधी करून पाहिलं, कारण ते सगळ्यात सोपं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ही सोय. खातं आपलं, यूपीआय आपलं, आणि आपण जोडलेला माणूस त्यातून पैसे देऊ शकतो. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात मुलीनं कोड स्कॅन केला की मंजुरी आपल्या फोनवर येते आणि पिन आपण टाकायचा. दुसऱ्यात आपण मर्यादा ठरवून मोकळे होतो. महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००.

पहिला प्रकार आमच्याकडे आठवडाभरच टिकला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, ती कचोरीवाल्यासमोर, तिच्यामागे रांग, आणि माझ्या फोनवर तीस रुपयांची विनवणी. याला स्वातंत्र्य म्हणायचं तर भीक मागणंही स्वावलंबनच म्हणावं लागेल. दुसऱ्या प्रकारात ती कटकट नव्हती. मी १,५०० ची मर्यादा घातली. अठ्ठावीस तारखेला ती म्हणाली, "अजून चारशे आहेत, उद्या-परवा संपवून टाकते." रात्री बाराच्या आत मोबाइलचा डेटा संपवावा, तसं! तिचं चुकलं नव्हतं. वाचवलेले चारशे तिचे होणारच नव्हते, ते माझ्याच खात्यात राहणार होते. मर्यादा आणि शिल्लक यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

खरं तर इंदूरकराला तो आधीच कळायला हवा. इथल्या होळकरांकडे दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि खासगी, म्हणजे घराण्यातल्या बायकांचा स्वतःचा पैसा, वेगळी. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर स्वतंत्र लावून दिली. पुढं अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी घाट आणि देवळं बांधली, ती याच खासगीच्या पैशातून. सर्कलमध्ये मूल दौलतीतून परवानगीनं खर्च करतं. त्याला खासगी द्यायची असेल, तर खातंच हवं.

आणि खातं आता मिळतं. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२५ ला काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरची मुलं बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवू शकतात. रकमेची मर्यादा आणि अटी ज्या त्या बँकेच्या. हे माहीत असूनही शाखेत आम्हाला ऐकवलंच, "मॅडम, बच्ची को अभी क्या ज़रूरत?" परिपत्रक फोनवर दाखवल्यावर फॉर्म निघाला. तेव्हा जाण्याआधी छापून न्या, एक फेरी वाचेल. स्टेट बँकेत 'पहला कदम' आणि 'पहली उड़ान' अशी दोन वेगळी खाती आहेत. पहिलं पालकासोबतचं, दुसरं दहा वर्षांवरच्या मुलानं एकट्यानं चालवायचं. फॉर्म भरताना नावांत गफलत होते.

खात्याच्या बाजूनं माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की अल्पवयीन मुलाचं खातं शून्याखाली जाऊ देता येत नाही. ते संपतं, आणि संपल्याचं दिसतं. पहिल्या महिन्यात लेकीनं सहा तारखेलाच तळ गाठला. मैत्रिणीचा वाढदिवस, सराफ्यातल्या खाऊगल्लीत पार्टी. उरलेले चोवीस दिवस डबा आणि सिटी बसचा पास. मला वाईट वाटलं, पण मी पैसे टाकले नाहीत.

आजींनी मात्र टाकले. पदराच्या गाठीतली शंभराची नोट, गुपचूप. तेव्हा पर्याय कुठलाही निवडा, आधी घरातल्या आजी-आजोबांशी बोलून घ्या. ही खिडकी उघडी असली तर बाकी सगळी व्यवस्था शोभेची. आमच्याकडे तह झाला आहे: आजी देतील, पण फक्त वाढदिवसाला आणि दसऱ्याला.

खात्याच्या अडचणीही आहेत. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय यांतलं काय द्यायचं, ते बँकच ठरवते. यूपीआय मिळेल का, हे शाखेत आधी विचारा. नाहीतर मुलगी एटीएममधून पैसे काढून पुन्हा रोखीवरच येईल. नव्या कार्डावर ऑनलाइन खरेदी सुरुवातीला बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही सहा महिने बंदच ठेवली. अठरा पूर्ण झाले की नव्यानं सही आणि सूचना द्याव्या लागतात, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक धोका मात्र फक्त खात्यातच आहे, आणि तो बारीक नाही. क्लासच्या आसपास कुणीतरी 'भिया', म्हणजे ओळखीचा दादा, भेटतो: तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, हजार तुझे. हे चोरीचे पैसे फिरवणं असतं, आणि पोलीस आधी खातेदाराचं दार वाजवतात. हे मुलांना खातं उघडण्याच्या दिवशीच सांगा, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फोनमध्ये टाकून द्या. सर्कल फक्त पैसे देण्यासाठी असल्यानं तिथं ही वाट नाही. मुलगा भोळा असेल, चटकन भुलणारा असेल, तर वर्षभर सर्कलवर ठेवण्यात कमीपणा नाही. मांडवगडची सहल किंवा पुण्याला काकांकडे महिनाभर मुक्काम, अशा वेळीही सर्कलच बरं.

प्रीपेड कार्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्डावर आपलं नाव, रंगीत अ‍ॅप, मुलांना भारी वाटतं. उरलेले पैसे मुलाचेच राहतात, भरलेत तेवढेच खर्च होतात, इथवर ठीक. पण त्या शिलकीवर व्याज मिळत नाही, आणि ऑफरच्या सूचना दिवसभर टिंगटिंग करत असतात. वाचवायला शिकवायचं असेल, तर ही जागा चुकीची.

रोख राहिली. ती जुनाट वाटते, पण तेरा वर्षांच्या धाकट्याला आम्ही तीच देतो, दर सोमवारी दोनशे. त्याला नोटा मोडताना डोळ्यांनी दिसायला हव्यात. महिन्याचं एकदम दिलं तर त्याचा महिना एका दिवसात संपेल. हरवली तर गेली, एवढाच दोष. दोनदा हरवली, तिसऱ्यांदा नाही.

लेकीचं ठरलं ते असं: स्वतःचं खातं, एक तारखेला १,५००, आणि ते ११,४०० सुद्धा त्यातच. कपाटात अर्थातच तेवढे नव्हते. मी दोन हप्त्यांत फेडले. दुसऱ्या हप्त्याला चार दिवस उशीर झाला, तर तिनं वहीत तारखेसकट नोंद करून ठेवली आहे.