गाओकाओच्या इंग्रजी उताऱ्यांचा सरावसंच: घ्यावा का?
चीनमधल्या बारावीच्या मुलांसाठी जुन्या गाओकाओ (तिथली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा) प्रश्नपत्रिकांचा संच घ्यावाच, पण आधी उत्तरसूची चाळा. पेपरात चार उतारे, 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. त्यापुढे सात वाक्यांतली पाच निवडून गाळलेल्या जागा भरायच्या, त्याचे 12.5 गुण. या संचात तिथे नुसतं ‘सी बरोबर’ छापलंय, कारण नाही. फार वाईट वाटतं, कारण मुलं नेमकी तिथेच आपटतात: ओळखीचा शब्द दिसला की वाक्य उचलतात, ‘दिस’ (this) किंवा ‘हाउएव्हर’ (however) मागच्या कुठल्या वाक्याला जोडलंय हे पाहत नाहीत. म्हणून प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली आधाराची ओळ अधोरेखित करायला लावा. कागद चांगला, समास ऐसपैस. चार उताऱ्यांना तीसेक मिनिटं, घड्याळ लावूनच.