शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्या

कर्ण मरणार, हे पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. ट्रॉय पडणार, राम वनवासाला जाणार, हेही. पुराणकथेवर कादंबरी लिहिणाऱ्याच्या हातात 'पुढे काय होणार' हे हुकमाचं पानच नसतं. मग वाचकाला धरून ठेवायचं कशाने? गोष्ट सांगणाऱ्याला काय माहीत नाही, याने. आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही, या फटीत अशी कादंबरी उभी राहते. अलीकडे वाचलेल्या पाच पुस्तकांना हीच कसोटी लावली.

मॅडलिन मिलरची 'सर्सी' (२०१८) सगळ्यांत आधी, कारण ती घ्यावीच. ग्रीक महाकवी होमरच्या 'ओडिसी'त ही बाई दहाव्या सर्गात भेटते. बेटावरची चेटकीण, काव्याचा नायक ओडिसियस याच्या माणसांची डुकरं करते, मग त्यालाच वर्षभर ठेवून घेते आणि पुढची वाट सांगते. ती डुकरं का करते, ते होमर सांगत नाही. चीज, जवाचं पीठ, मध आणि मद्य कालवून त्यात औषध घातलं, ही कृती मात्र नीट देतो. मिलरने नेमका तो 'का' उचलला आहे. तिचं उत्तर वाचल्यावर होमरचा तो प्रसंग पूर्वीसारखा वाचवत नाही.

त्याहून मोठी करामत म्हणजे इथली जादू कष्टाची आहे. हात फिरवला आणि झालं, असं नाही. मुळी शोधायची, खणायची, निवडायची, वाळवायची, कुटायची, फसली की फेकून पुन्हा पहिल्यापासून. थेट आजीबाईच्या बटव्यातलं काम. त्यामुळे एखादा प्रयोग साधतो तेव्हा तो साधल्यासारखा वाटतो, नाहीतर फँटसीत निम्म्या वेळा लेखकाला गरज पडली म्हणून मंत्र चालतो. उत्तरार्धात ही अमर बाई एकटीने मर्त्य पोर वाढवते. पोर अखंड रडतं, अथीना त्याच्या जिवावर उठलेली, आणि आईने बेटाभोवती घातलेलं मंत्राचं कुंपण जरा सैल पडलं की संपलंच. ओली बाळंतीण आणि देवीचा वेढा एकाच पानावर इतक्या सहज नांदतात की दाद द्यावी.

कर्णाची गोष्ट मुरलेल्या वाचकाला इथे आणखी एक गंमत मिळेल. सर्सी सूर्याची मुलगी, कर्ण सूर्याचा मुलगा. दोघांच्याही वाट्याला बापाचं तेज येतं, बापाचं घर येत नाही. खोट काढायची तर मधल्या भागात. डेडलस, मिनोटॉर, मिडिया अशी ग्रीक पुराणातली मातब्बर मंडळी हजेरी लावून जातात आणि सर्सी यजमानीण होऊन बसते. डेडलसचा भाग सोडला तर तिथे भरभर पुढे गेलात तरी चालेल.

मिलरचीच आधीची 'द साँग ऑफ अकिलीस' (२०११) लायब्ररीतून आणलीत तरी पुरे. इथे निवेदक पॅट्रोक्लस, ग्रीक वीर अकिलीसचा जिवलग, आणि ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात तो मरतो हे जगजाहीर. प्रथमपुरुषी निवेदक मेल्यावर गोष्ट कोण सांगणार? समाधीवर नाव कोरलं गेलं नाही म्हणून त्याचा आत्मा अडकून राहतो आणि तोच पुढे बोलतो. युक्ती ग्रीक समजुतीतूनच आलेली आहे, वरून चिकटवलेली नाही, म्हणून पटते. शिवाजी सावंतांना 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) हीच अडचण आली होती. त्यांनी नऊ खंड सहा जणांत वाटले आणि शेवटचा कृष्णाच्या तोंडी दिला. बांधणी म्हणून ती वाटणी मला आजही जास्त आवडते. फक्त सहाही जण एकाच अलंकारिक मराठीत बोलतात. शोण, वृषाली आणि दुर्योधन यांचे परिच्छेद वरची नावं झाकून वाचा. कोणाचा कोणता, ते लवकर सांगता येणार नाही. मिलरचा पॅट्रोक्लस निदान स्वतःच्या आवाजात बोलतो. पण अकिलीस इतका सुंदर आणि इतका उत्तम आहे की त्याचा अहंकार प्रत्यक्ष बोलू लागेपर्यंत दोनतृतीयांश पुस्तक सरलेलं असतं.

आता 'पर्व'. भैरप्पांची ही कानडी कादंबरी १९७९ची, मराठीत उमा कुलकर्णींनी आणली. नवीन नव्हे, पण वरच्या दोन्हींच्या शेजारी ठेवून वाचली की तिची ताकद कळते. सुरुवात हस्तिनापुरात नाही, मद्र देशात आहे. म्हातारा शल्य, घरात नातीच्या लग्नाचा विषय, आणि मुलीसाठी शुल्क घ्यायची चाल. माद्रीसाठी भीष्माने शल्याला शुल्क दिलं, ही नोंद आदिपर्वातलीच. बहुतेकांनी ती ओलांडून पुढे जावं अशी. भैरप्पांनी तिथेच मुक्काम ठोकला आणि दोन प्रदेशांच्या चालीरीतींतला सगळा ताण त्यातून काढला. पुनर्कथन चांगलं कधी होतं, तर असा मुळातला एखादा रुक्ष तपशील लेखकाच्या हाताला लागला की.

चमत्कार इथे एकही नाही. पांडवांचे बाप म्हणजे हिमालयात राहणारी, देव म्हणवणारी माणसं. युद्धाचं तर विचारूच नका. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, अशा अठरा. बेरीज ३९,३६,६००. कीर्तनात हा आकडा ऐकून आपण माना डोलावतो. भैरप्पा विचारतात, यांना जेवायला कोण घालतं, पाणी कुठून येतं, आणि सकाळी हे सगळे बसतात कुठे? मग दुर्गंधी, माश्या, गिधाडं, उपाशी सैनिक. शौर्य पार मागे पडतं. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर पुस्तक जाडजूड आहे आणि एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात उडी मारताना सूचना देत नाही. पहिली शंभर पानं सलग दोन-तीन बैठकांत काढा. रोज झोपताना दहा पानं हा बेत केलात तर कोण कोणाची आठवण काढतंय हे शोधण्यातच रात्र जाईल. वंशवृक्षाचा एक कागद जवळ असू द्या.

वैष्णवी पटेलची 'कैकेयी' (२०२२) माझ्या लेखी फसली. कल्पना झकास: कैकेयीला माणसामाणसांतले बंध दोऱ्यांसारखे दिसतात, आणि ते हलवून ती लोकांचं मन वळवू शकते. जास्त ओढलं की दोरा तुटण्याची भीती. पण हा दोरा दिसायला लागल्यापासून नाती मोजपट्टीवर येतात. मंथरेवर तिची माया किती, हे प्रसंगातून कळायचं ते दोरा किती जाड यावरून कळतं. शिवाय कैकेयी बरोबर ठरावी म्हणून भोवतालचे पुरुष मुद्दाम बुटके केलेत. दशरथाला युद्धात सारथी होऊन वाचवते तो भाग तेवढा चांगला. तिथे दोऱ्यांपेक्षा लगाम जास्त आहेत.

या जातीचं पुस्तक दुकानात उभ्याने पारखायचं असेल तर पहिलं पान वाचू नका, ते बहुतेकांचं घोटून घोटून चांगलं केलेलं असतं. वर किंवा शाप मिळतो तो प्रसंग काढा आणि चार पानं वाचा. देणारा काय समजून देतो आणि घेणारा काय समजून घेतो, यात अंतर दिसलं तर पुस्तक घ्या. दोघंही पुढचं रामायण ठाऊक असल्यासारखे बोलत असतील तर परत ठेवा.

राहिली सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०, पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ हा लेखिकांच्या कादंबऱ्यांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार). ही कोणत्याच पुराणाचं पुनर्कथन नाही, तरी अज्ञानाच्या कसोटीवर पाचांत पहिली. एक माणूस अंतहीन दालनांच्या, पुतळ्यांच्या घरात राहतो. खालच्या मजल्यांवर समुद्र. त्याच्या हिशेबाने जगात आजवर फक्त पंधरा माणसं झाली, त्यातली तेरा मेलेली. जिवंत दुसऱ्याला तो मंगळवारी आणि शुक्रवारी भेटतो. हा दुसरा त्याला बूट आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून देतो, आणि त्या गोळ्या आल्या कुठून हा प्रश्न निवेदकाला पडत नाही. तो आपल्याला पडतो. तिथून पुस्तक खाली ठेवणं कठीण. पहिली साठेक पानं दालनांची दिशा लक्षात ठेवायचा खटाटोप करू नका, भरती-ओहोटीच्या नोंदींचाही नाही. डायरीच्या तारखांवर मात्र नजर ठेवा, आणि मलपृष्ठावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचू नका.

याचं मराठी भाषांतर करायला घेणाऱ्याची एक पंचाईत होईल. निवेदक 'घर', 'भरती', 'दालन' असले साधे शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहितो, आणि त्याची सगळी भक्ती त्या अक्षरांत आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही. 'घर' ठळक छापलं तर पाठ्यपुस्तक वाटेल, 'श्रीघर' केलं तर हसू येईल. मला वाटतं, त्याला घराविषयी आदरार्थी बहुवचनात बोलू द्यावं: घर दयाळू आहेत.