क्लच तळाला गेला: हवा काढायची, सिलिंडर बदलायचा की गिअरबॉक्स उतरवायचा?

रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येऊ लागला किंवा क्लच दाबल्यावर परत वरच येईना, की गॅरेजमध्ये पहिल्यांदा ऐकू येतं, ‘सेट गेला.’ सेट म्हणजे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. तो बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यायला लागतो, म्हणजे गाडी किमान दिवसभर अडकली आणि खिसाही मोकळा झाला. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर होकार देण्याआधी अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासात बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा कळतं.

आधी गाडीत काय आहे ते बघा. मारुती 800 किंवा अल्टोसारख्या गाड्यांचा क्लच केबलवर चालतो, त्यांना हे सगळं लागू नाही. हायड्रॉलिकमध्ये पेडलमागचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो, म्हणजे इंजिनला गिअरबॉक्सपासून वेगळं करतो. स्लेव्ह दोन प्रकारचा असतो. इनोव्हासारख्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर, बोल्टवर बसवलेला असतो. फोर्ड इकोस्पोर्टसारख्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो आणि रिलीज बेअरिंग त्याच्यावरच असतं. निर्णय खरा इथेच फिरतो, कारण या दोन गाड्यांना दिलेला सल्ला एकमेकांच्या अगदी उलट असतो.

पण त्याआधी, क्लच सुटत नाहीये की घसरतोय? चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही, तो घसरणारा क्लच. तिथे प्लेट झिजलेली असण्याचीच शक्यता जास्त, सेटची तयारी ठेवा. एक अपवाद मात्र तपासून घ्यावा. कुणी चुकून ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल ओतलं असेल तर रबर फुगतं, मास्टरचं परतीचं छिद्र बंद होतं आणि दाब आत अडकून राहतो. स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल क्षणभर सैल करून अडकलेला दाब सोडा आणि पुन्हा आवळा. त्यानंतर घसरणं थांबलं, तर प्लेट शाबूत आहे.

क्लच सुटत नसेल, गिअर खरखरत असेल, तर पेडलला भराभर चार-पाच पंप मारा. पंप मारल्यावर गिअर नीट पडला तर दोष ऑइलच्या वाटेवर आहे: हवा, गळती किंवा थकलेलं सील. पंप मारून काहीच फरक पडत नसेल आणि पेडलही घट्ट असेल, तर मात्र दोष आत आहे, फोर्कमध्ये (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्यात) किंवा प्रेशर प्लेटमध्ये.

माझ्या गाडीचा क्लच ऑगस्टमधल्या पावसात कुंभार्ली घाट चढताना गेला. प्रत्येक वळणाला पंप मारत कशीबशी वर आले. पहिल्या गॅरेजने पूर्ण सेट सांगितला. दुसऱ्या मिस्त्रीने गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या तोंडावरची रबरी टोपी नखाने मागे सारली. आतून काळपट ऑइलचे थेंब त्याच्या बोटावर आले. ‘ताई, प्लेटला काही झालेलं नाही, इथलं सील गेलंय,’ तो म्हणाला. तासाभरात नव्या सीलचं किट बसवून, हवा काढून गाडी हातात दिली.

त्यातूनच पुढचा प्रश्न येतो, किट की नवा सिलिंडर? किट फार स्वस्त पडतं, म्हणून मी तेच घेतलं, आणि तीन महिन्यांत पुन्हा गळती सुरू झाली. सिलिंडर उघडल्यावर दिसलं, आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही, की ते पाणी आत धातू खातं. खड्ड्यांवर घासून नवं सीलही फाटतं. म्हणून सिलिंडर उघडल्यावर भिंत बोट फिरवून आणि बॅटरीच्या उजेडात बघा. गुळगुळीत असेल तर किट पुरेसं आहे. जराही ओरखडा लागला तर नवा सिलिंडर घ्या. पॉलिश पेपर मारून वेळ काढू नका.

मास्टरचा दोष जास्त फसवा, कारण तो डबीतलं ऑइल कमी न करताही होतो. आतलं सील थकलं की ऑइल मागच्या मागे निसटतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. सपाट जागी, समोर कुणी नसताना, इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका आणि पाय तसाच धरून ठेवा. मिनिटभरात गाडी हळूच पुढे सरकू लागली किंवा पेडल पायाखाली खचत गेलं, आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर गेला. मॅट उचलून पेडलच्या दांड्यापाशीही हात लावा. तिथे ओल असेल, रंगाचे पापुद्रे सुटले असतील, तर बाहेरचं सील फुटलंय, कारण ब्रेक ऑइल रंग उडवतं. गाडी आठ-दहा वर्षांची असेल आणि यातला एक सिलिंडर बदलावा लागत असेल, तर मी दोन्ही बदलून घेईन. रबराचं वय दोघांचं सारखंच असतं.

आता नुसती हवा काढणं. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकून केला जाणारा. बंद वाटेत हवा आपोआप शिरत नाही. नुकतंच काही काम झालं असेल किंवा डबी रिकामी पडली असेल, तरच हा खरा इलाज. नाहीतर आठवड्याने पुन्हा तेच. काढायची रीत सोपी आहे: निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मधेमधे डबी भरत राहायची. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल वापरा. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर हीच किमान मर्यादा 155 वर येते. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते, त्यामुळे क्लचची गळती अंगावर काढू नका.

स्लेव्ह आत असलेल्या गाडीत हिशोब उलटा होतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून, खालून थेंब पडत असेल, तर आधी तो थेंब कशाचा ते ठरवा. पेलाभर पाण्यात टाका. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे आतला स्लेव्ह. तवंग होऊन तरंगला तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे तिथलं ऑइल सील. आतला स्लेव्ह गेलाच असेल, तर फक्त तेवढाच बदलून पैसे वाचवू नका. मोठी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, आणि प्लेट निम्मी झिजलेली असेल तर वर्षा-दोन वर्षांत तीच मजुरी पुन्हा द्याल. अशा गाडीत पूर्ण सेट, स्लेव्ह आणि इंजिनचं मागचं ऑइल सील एकदमच करून घ्या. प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला असेल, तेव्हाही जुना स्लेव्ह परत बसवू देऊ नका. गिअरबॉक्स खाली असताना कुणी पेडलवर पाय ठेवणार नाही हेही बघा, पिस्टन बाहेर निघून येतो.

बाहेरच्या स्लेव्हवाल्यांनी मात्र टोपी मागे सारून बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नये.

काम कुठलंही झालं, तरी पैसे देण्याआधी गाडी स्वतः घ्या. इंजिन गरम करा, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे, पंप न मारता, पहिल्याच दाबात.