ज्यू किंडरगार्टनमधला आठवडा: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची लेक सप्टेंबरपासून न्यू जर्सीतल्या एका ज्यू कम्युनिटी सेंटरच्या किंडरगार्टनमध्ये जाते. आम्ही ज्यू नाही. आमच्या भागातल्या सरकारी शाळेत किंडरगार्टन अर्ध्या दिवसाचं आणि आम्ही दोघंही नोकरी करणारे. हे सेंटर सगळ्या धर्मांची मुलं घेतं, घरापासून जवळ आहे, म्हणून प्रवेश घेतला. इथल्या मराठी ओळखीच्यांचे फोन येतात की कसं आहे, धर्माचं काय, डब्याचं काय. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

या शाळेचं खरं बळ तिच्या आठवड्यात आहे. तोराचे, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचे, ५४ भाग केलेले आहेत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, दर आठवड्याला पुढचा भाग वाचतात, वर्षभरात सगळी तोरा वाचून होते आणि सिमखात तोराच्या सणाला शेवट वाचून लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. किंडरगार्टनही त्याच क्रमाने चालतं. सोमवारी मोरा, म्हणजे वर्गाच्या बाई, त्या आठवड्याची गोष्ट सांगतात. मग तीच गोष्ट शुक्रवारपर्यंत गणितात, ठोकळ्यांत, चित्रांत, गाण्यांत फिरत राहते. पाच वर्षांच्या मुलाला एका गोष्टीत इतके दिवस राहायला मिळणं ही मोठी चैन आहे. आधीच्या पाळणाघरात दर दिवशी नवी थीम असायची आणि घरी आल्यावर काही विचारलं तर पोरगी गप्प.

नोहाचा, म्हणजे महापुरातून तारूत बसून वाचणाऱ्या नोहाच्या गोष्टीचा, आठवडा मला जवळून बघायला मिळाला, कारण त्या दिवसांत मी वर्गात मदतीला जात होते. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच होतं, असं गोष्टीत येतं. मोरांनी मुलांना शाळेचा कॉरिडॉर आपापल्या हाताने मोजायला लावला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मुलं फरशीवर आडवी पडून सरकत सरकत मोजत होती. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं आणि जोरदार भांडण झालं. मोरांनी सोडवलं नाही. "मग आता काय करायचं?" एवढंच विचारलं. एक मुलगा म्हणाला, सगळ्यात उंच माणसाचा हात घेऊ. माझी लेक म्हणाली, मोराचा हात घेऊ, पण मोरा दमतील, म्हणून त्यांच्या हाताएवढी दोरी कापू. दोरी कापली, कॉरिडॉर पुन्हा मोजला, आणि यावेळी सगळ्यांचं उत्तर एक आलं. मोजमापाचं एकक कशाला लागतं, हे मला शाळेत कुणी असं शिकवलं नव्हतं.

ज्यूंचा मूळपुरुष अब्राहामच्या आठवड्यात त्याचा चारही बाजूंनी उघडा तंबू चादरींचा उभा केला. पाहुणा कुठूनही आला तरी त्याला दार सापडावं म्हणून तो तसा, अशी परंपरेतली कथा आहे. त्या आठवड्यापासून आमच्याकडे फ्रिज दुरुस्त करायला माणूस आला तरी लेक आधी पाण्याचा ग्लास घेऊन धावते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे बघून हरखल्या.

गुरुवारी दुपारी 'खाल्ला' नावाच्या ब्रेडची कणीक मळतात, शुक्रवारी शब्बातचं, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत. पाळीपाळीने एक मूल आई आणि एक मूल बाबा होतं. दोन मेणबत्त्या, डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना, द्राक्षांचा रस आणि झाकून ठेवलेले दोन 'खाल्ला' ब्रेड. त्याआधी त्झदाकाची, म्हणजे दानाची, पेटी फिरते. मुलं घरून आणलेली नाणी त्यात टाकतात आणि ठरावीक काळाने ती मोजून कुणाला द्यायची ते वर्गच ठरवतो. पाच सेंटचं निकल आकाराने दहा सेंटच्या डाइमपेक्षा मोठं, पण किंमत कमी, हा घोळ लेकीच्या डोक्यात त्या पेटीमुळेच सुटला.

धर्माबद्दल: गोष्टी गोष्टी म्हणूनच सांगतात, आणि "तुमच्या घरी कसं करतात?" हा प्रश्न जवळपास रोज येतो. मी मूळची अलिबागची. आमच्याकडे इस्राईल आळी आहे, सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राईल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, तेल्यांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मोरांना सांगितलं तर त्यांनी मलाच वर्गात बोलावलं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हगादाची, म्हणजे पेसाख या सणाच्या जेवणात वाचायच्या पोथीची, चित्रं दाखवली, त्यात साड्या नेसलेल्या बायका पेसाखसाठी मात्झा, म्हणजे न फुगवलेली भाकरी, बनवताहेत. ज्यू आजी मराठी बोलते आणि साडी नेसते, याचं मुलांना भलतंच अप्रूप वाटलं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने बेने इस्राईल करतात तो मलिदाही केला, पण घरून नेता आला नाही. पोहे, गूळ, खोबऱ्याची पाकिटं आधी मोरांना दाखवून शाळेच्या स्वयंपाकघरातच कालवला. फळं मुलांनी चिरली.

त्यावरून डबा. मांस अजिबात नाही, त्यामुळे पराठा, दहीभात, उपमा बिनघोर जातो. वाढदिवसाला मात्र घरचा केक चालत नाही, कोशेरची, म्हणजे ज्यू खाद्यनियमांत बसत असल्याची, खूण असलेला बंद पाकिटातलाच हवा. साधी मार्शमेलोसुद्धा जिलेटीनमुळे परत येते. पेसाखच्या आधी वर्ग झाडून-पुसून ब्रेड-बिस्किटांचा कणन् कण काढतात, तेव्हा पोळी बंद. अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या, रिवाजाने भात-डाळही नको म्हणतात. त्या वेळचा डबा आधीच ठरवून ठेवा.

हिब्रूची मला धास्ती होती. २२ अक्षरं, त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी रूपं बदलतात, आणि लिहायचं उजवीकडून. ऑक्टोबरमध्ये लेक स्वतःचं नाव इंग्रजीतही उलटं लिहू लागली. थंडी संपेपर्यंत ते आपोआप थांबलं. दालेत आणि रेश ही अक्षरं अजून चुकते, एकाला कोपरा आहे, दुसरं गोल. पण त्या फरकाकडे बघायची सवय लागल्यापासून आमच्या घ आणि ध मध्ये ती कमी गोंधळते. इंग्रजी वाचनात मात्र ती सरकारी शाळेतल्या मैत्रिणींच्या थोडी मागे आहे. हिब्रूला दिलेला वेळ कुठून तरी येणारच. आम्ही रात्री घरी वाचून घेतो.

नाराजी दोन गोष्टींवर. रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत, सिमखात तोरा हे सगळे सण लागोपाठ येतात. मूल नुकतं रुळलेलं असतं आणि शाळा सारखी बंद, आपल्याला रजा नाही. दुसरं, शब्बातच्या मेणबत्त्या बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात आणि इथे डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. म्हणून हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते. हे पंचांगात आधीच ठरलेलं असताना शाळेने वेळा फार उशिरा कळवल्या. मला दोनदा मीटिंग सोडून पळावं लागलं. फाटकावर पहारा असतो. आजी-आजोबा न्यायला जाणार असतील तर नाव आधी यादीत घाला आणि ओळखपत्र बरोबर द्या. सासऱ्यांना थंडीत बाहेर थांबावं लागलं तेव्हा वाईट वाटलं, पण तो पहारा का लागतो हेही ठाऊक आहे.

पुरीम हा त्यांचा सण आणि होळी यंदा एकाच सुमाराला आले. त्यांचं पंचांगही चंद्राचं, त्यांनाही १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घालावा लागतो, त्यामुळे हे बरेचदा जमून येतं. लेकीने खुळखुळा वाजवत पुरीमच्या गोष्टीतल्या दुष्ट हामानच्या नावाचा कल्ला केला आणि संध्याकाळी होळीपुढे बोंब मारली. दोन्हीकडे दुष्टाच्या नावाने ओरडायला मिळालं म्हणून स्वारी खूश.

घरी ज्यू-हिंदू असा काही पेच पडला नाही. पण ज्यांना शाळेत धर्माचा उल्लेखच नको असेल त्यांनी घेऊ नये, इथे तो रोज आहे. फीही सरकारी शाळेच्या शून्यापुढे जाणवण्याइतकी आहे. लेक पुढच्या वर्षी सरकारी शाळेत पहिलीला जाईल. धाकट्याचा अर्ज मात्र भरला आहे. बघायला जाणार असाल तर शुक्रवारी जाऊ नका, तो दिवस सगळीकडेच गोड असतो. बुधवारी जा आणि मुलं भांडायला लागली की मोरा काय करतात ते बघा.